दारू सोडणे आणि दारू सुटणे

सुटीच्या दिवशी दुपारी बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई खाडीच्या धक्क्यावर उभे राहिले, तर पलीकडे जाण्यासाठी आलेल्या माणसांत दोन तऱ्हेचे प्रवासी सहज ओळखू येतात. एक जथा समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांकडे निघालेला असतो. त्याच्या पिशव्यांतून बाटल्यांचा किणकिणाट ऐकू येतो आणि रात्रीचे बेत मोठ्या आवाजात चाललेले असतात. दुसरा जथा लहान आणि अबोल. खाडीपलीकडे ज्याचा सोनेरी घुमट दिसतो त्या विपश्यना पॅगोड्याच्या परिसरात दहा दिवस मौन पाळून राहण्यासाठी तो निघालेला असतो, आणि तेथे कोणतेही मादक द्रव्य न घेण्याचे व्रत त्याला प्रथमच दिवशी घ्यावयाचे असते.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो, आणि त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्याने महिन्यापूर्वी दारू सोडलेली असते. पहिल्या जथ्यातून तो उठलेला आहे. दुसऱ्या कोणत्याही जथ्यात त्याला अद्याप जागा मिळालेली नाही. घरची माणसे, शेजारी, कचेरीतील सहकारी ‘सोडली हो त्याने!’ असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात आणि प्रकरण मिटले असे मानतात. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा माणूस आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक बारीक भेद पूर्वीच करून ठेवला आहे. दारू ‘सोडली’ असे आपण म्हणतो आणि दारू ‘सुटली’ असेही म्हणतो. सोडणे ही एका दिवसाची कृती आहे. तिला तारीख असते, साक्षीदार असतात, बहुधा देवापुढची शपथही असते. सुटणे ही हळूहळू येणारी अवस्था आहे. ती कोणत्या दिवशी आली हे सांगता येत नाही. सोडल्यावाचून सुटत नाही हे उघडच आहे. परंतु सोडली म्हणजे सुटली असे जे आपण गृहीत धरतो, ते गृहीत फार महाग पडते.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांचे उदाहरण देतो. गोराई वसाहतीत राहणारे हे गृहस्थ एका कचेरीत वरिष्ठ लिपिक. काविळीने अंथरुणाला खिळले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि त्यांनी त्या दिवसापासून दारू बंद केली. पुढे पंधरा महिने त्यांनी थेंबालाही स्पर्श केला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते रोज एक फुली मारीत. पण घरात ते कोणाशी बोलत नसत. बोललेच तर ते बोलणे हिशेबाचे असे. आपण एवढा त्याग केला, त्याची किंमत कोणास आहे काय, हा प्रश्न त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे उभा असे. त्यांच्या पत्नी एकदा म्हणाल्या, “पूर्वी रात्री दहानंतर भीती वाटायची, आता चोवीस तास वाटते.” पुढे बढतीच्या यादीत कनिष्ठाचे नाव वर आले, त्या संध्याकाळी ते पिऊन घरी आले. बढती हुकली म्हणून प्यायले, असे सर्वांनी म्हटले. माझे मत निराळे आहे. पंधरा महिने ते एखाद्या निमित्ताची वाट पाहत होते. बढतीने ते पुरविले, एवढेच.

वस्तू गेली, मागणी राहिली

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हे उदाहरण आपल्याच विषयातील वाटावे, यात नवल नाही. केल्विन लँकेस्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली उपभोगाविषयी एक साधा पण मूलगामी विचार मांडला. ग्राहक वस्तूची मागणी करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याला हवे असतात ते त्या वस्तूच्या अंगचे गुण. साखर नको असते, गोडी हवी असते. म्हणून एखादी वस्तू बाजारातून नाहीशी झाली तरी तिच्यामुळे भागत असलेल्या गरजा नाहीशा होत नाहीत. त्या दुसरा पुरवठादार शोधू लागतात.

दारूला हा विचार लावून पाहावा. व्यसनी माणसाला दारूपासून काय मिळत असते? झोप मिळते. साहेबापुढे जे बोलता आले नाही ते निदान मित्रांपुढे बोलण्याचे धैर्य मिळते. संगत मिळते, आणि तीही कोणतीही पात्रता न विचारणारी. दिवसभरात झालेला अपमान तासभर विसरता येतो. आणि दिवस संपला, आता काही करावयाचे नाही, ही खूण मिळते. हे सर्व दारू खोटेपणाने पुरविते आणि त्याची चक्रवाढ व्याजाने वसुली करते, हे खरे. तिने दिलेली झोप खरी झोप नव्हे आणि धैर्य खरे धैर्य नव्हे. तथापि ज्या गरजांसाठी ती घेतली गेली त्या गरजा मात्र खऱ्या असतात.

शपथ घेतल्याच्या दिवशी हे सर्व पुरवठे एकदम तुटतात. झोप जाते. मित्र जातात, कारण होते ते सर्व पेल्याभोवतीचेच होते. सायंकाळी सहा ते रात्री दहा हे चार तास, जे कधी कसे गेले हे वर्षानुवर्षे कळले नव्हते, ते आता दगडासारखे समोर उभे राहतात. त्यात आणखी एक गोष्ट होते. जी देणी, जी भांडणे, मुलांच्या डोळ्यांतील जी नजर नशेत दिसत नव्हती, ती स्वच्छ दिसू लागते. दारू सोडलेला माणूस अधिक सुखी व्हावा अशी आपली अपेक्षा असते. पहिले काही महिने तो बहुधा अधिक दुःखीच असतो. ही गोष्ट त्याला आणि त्याच्या घरच्यांना आधी सांगितली जात नाही. परिणामी तो स्वतःला फसविला गेलेला समजतो आणि घरचे त्याला कृतघ्न समजतात.

येथे वैद्यकीय बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या काही दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावयास हवा. पण शरीरातील दारूचा निचरा ही थोड्या दिवसांची बाब असते. पुन्हा पिण्याकडे वळणे हे बहुतेक वेळा त्यानंतर, शरीर सावरल्यावर घडते. ॲलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुन्हा व्यसनात पडण्याच्या प्रसंगांची छाननी केली आहे. संताप व उदासी यांसारख्या मनोवस्था, जवळच्या माणसांशी झालेले तंटे आणि मित्रमंडळींचा आग्रह हे तीन प्रसंग त्यात प्रामुख्याने पुढे येतात. बाटली समोर दिसणे हे कारण आपण समजतो तेवढे मोठे नाही.

राज्याने सोडली तेव्हा

व्यक्तीच्या बाबतीत जे घडते ते आपल्या राज्याच्या बाबतीतही एकदा घडून गेले आहे. मुंबई शहरात काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी जारी केली. ती फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर संपूर्ण बंदी झाली. हेतू उदात्त होता. परंतु राज्याने पुरवठा बंद केला, मागणीचे काय होणार याचा विचार केला नाही. गिरणीतील पाळी संपवून दहा फुटांच्या खोलीत परतणाऱ्या कामगाराने आपली संध्याकाळ कोठे घालवावी, या प्रश्नाला कायद्यात कलम नव्हते. उत्तर बाजाराने दिले. उपनगरांच्या खाडीकाठी, कांदळवनांच्या आडोशाला हातभट्ट्या पेटल्या, आणि वस्त्यावस्त्यांतून ‘आंटी’चे गुत्ते उभे राहिले. साठीच्या दशकात सरकारला बंधने सैल करावी लागली. तो कायदा आजही अस्तित्वात आहे, दारू पिण्यास कागदोपत्री परवाना आजही लागतो. आणि त्याच दारूवरील उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार आहे.

हातभट्टीची परंपरा मात्र मागे राहिली. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे दगावली. जून २०१५ मध्ये गोराईपासून थोड्या अंतरावर, मालाडच्या मालवणीत, शंभराहून अधिक बळी गेले. बंदी निरुपयोगी असते असा याचा अर्थ नाही. दारू सहज मिळेनाशी झाली की पिणे कमी होते, आणि ज्या लढ्यातून १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली त्यातील स्त्रिया हे अनुभवानेच जाणून होत्या. म्हणणे एवढेच की वजाबाकी करून थांबणारा हिशेब अपुरा राहतो, मग तो राज्याचा असो वा माणसाचा.

अकाउंटंट जनरलचा नकार

हा हिशेब पुरा कसा करावयाचा, याची काही उत्तरे अनुभवातून निघालेली आहेत. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतील ॲक्रन या गावी आला होता. त्याची दारू सुटून पाच-सहा महिने झाले होते. ज्या व्यवहारासाठी तो आला तो फसला, आणि हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा असताना शेजारच्या मद्यगृहातील गलबला त्याच्या कानी येऊ लागला. त्या क्षणी त्याने केलेली गोष्ट लक्षणीय आहे. आपल्यासारखाच दुसरा मद्यपी आपल्याला भेटावा, त्याच्याशी आपण बोलावे, म्हणून त्याने गावातील धर्मगुरूंना दूरध्वनी करण्यास सुरुवात केली. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली, आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ जन्मास आली. मुंबईतही तिच्या सभा अनेक दशके भरत आल्या आहेत.

या चळवळीच्या बारा पायऱ्या १९३९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली फक्त पहिल्या पायरीत आहे. पुढील पायऱ्यांत स्वतःच्या दोषांची नोंद करणे, ते दुसऱ्या माणसापाशी बोलून दाखविणे, ज्यांना दुखावले त्यांची यादी करून शक्य तेथे भरपाई करणे आणि शेवटी आपल्यासारख्या दुसऱ्याच्या मदतीस जाणे, असा क्रम आहे. त्यातील ईश्वरविषयक भाग सर्वांना रुचेल असे नाही. परंतु एवढ्या मोठ्या कार्यक्रमात दारूला इतकी थोडी जागा असावी, यातच तिच्या कर्त्यांचे अनुभवसिद्ध शहाणपण दिसते. दारू सोडूनही स्वभावाने, चिडीने आणि आत्मदयेने पूर्वीसारखाच राहिलेल्या माणसासाठी त्यांच्या बोलीत ‘कोरडा दारुडा’ या अर्थाचा शब्द आहे. आमचे लिपिक गृहस्थ पंधरा महिने तेच होते.

खाडीपलीकडच्या पॅगोड्याची कथाही या संदर्भात सांगण्यासारखी आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातील उद्योजक. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता आणि त्यावर मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. आता दुखण्याबरोबर मॉर्फिनचेही व्यसन लागेल, असा इशारा डॉक्टरांनी दिला होता. १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन साधू वा भिक्षू नव्हते. ते ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते. डोकेदुखी घालविण्यासाठी येत असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोएंकांना बजावले. मनाची शुद्धी हा हेतू ठेवून या, दुखणे जायचे तर आनुषंगिकपणे जाईल. हिशेबनीसाला शोभणारीच ही दृष्टी. एक खर्च थांबवावयास आलेल्या माणसाला त्यांनी सबंध ताळेबंद तपासण्यास सांगितले.

पुढे १९६९ मध्ये गोएंका भारतात आले, आणि २००९ साली गोराईच्या पॅगोड्याचे उद्‌घाटन झाले. आत एकही खांब नसलेल्या त्या प्रचंड घुमटाखाली हजारो माणसे एकत्र बसू शकतात. तेथील शिकवणुकीत मादक द्रव्यांपासून दूर राहणे हे पाच शीलांपैकी एक आहे आणि शील हा केवळ पाया मानला आहे. त्यावर समाधी आणि प्रज्ञा यांची बांधणी व्हावयाची असते. माणूस दारूला चिकटलेला असतो असे वरवर दिसते, पण तो चिकटलेला असतो शरीरावर उमटणाऱ्या संवेदनेला, असे गोएंका सांगत. लँकेस्टरच्या विचाराशी हा विचार किती जवळचा आहे! मात्र दहा दिवसांचे शिबिर हा व्यसनोपचाराचा पर्याय नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे.

सुधाकराला कोणी काम दिले नाही

येथवर जे सांगितले ते सर्व व्यसनी माणसाने करावयाचे. पण हिशेबाची दुसरी बाजू समाजाकडे आहे, आणि ती राम गणेश गडकरी यांनी ‘एकच प्याला’त दाखवून ठेवली आहे. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, हे नाटक रंगभूमीवर आले. सुधाकराच्या अधःपाताचे आणि सिंधूच्या सोशिकतेचे नाटक म्हणून आपण ते लक्षात ठेवले. त्यातील एक भाग मात्र आपल्या स्मरणातून निसटला आहे. सुधाकर दारू सोडतो. सोडून तो काम मागावयास जातो, आणि पूर्वीची प्रतिष्ठित मित्रमंडळी त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, त्याची अवहेलना करतात. त्यानंतर तो पुन्हा पेल्याकडे वळतो. त्याच्या निश्चयातील दुबळेपणा गडकऱ्यांनी लपविलेला नाही. पण त्या निश्चयाला टेकू द्यावयास कोणी पुढे आले नाही, हेही त्यांनी लपविलेले नाही.

दारुड्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न अन्यायाचा नाही. ज्या स्त्रीने दहा वर्षे मार खाल्ला, जिचे मंगळसूत्र गहाण पडले, तिने महिन्याभरात सर्व विसरावे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. विश्वास मागून मिळत नाही. तो लहान रकमांनी परत जमा करावा लागतो. परंतु जमा करावयास खाते तरी उघडले पाहिजे. म्हणूनच आपल्याकडील चांगल्या संस्थांनी कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी वेगळे काम उभे राहिले, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे तेथे समुपदेशक म्हणून काम करू लागली. त्याआधी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जोसेफ परेरा यांनी ‘कृपा’ संस्थेचा आरंभ केला आणि योगासनांना उपचारात स्थान दिले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हॅलंट यांनी अनेक वर्षांच्या पाहणीनंतर १९८३ मध्ये जे निष्कर्ष मांडले तेही याच दिशेचे आहेत. दारूच्या जागी दुसरी निरुपद्रवी सवय, पिण्याचे परिणाम सतत आठवून देणारी देखरेख, नवे स्नेहसंबंध आणि उमेद देणाऱ्या एखाद्या समूहाचे सदस्यत्व, या गोष्टी टिकाऊ मुक्तीमागे त्यांना आढळल्या. या चारही गोष्टी बेरजेच्या आहेत.

काय करता येईल

या बेरजेसाठी फार मोठ्या खर्चाची गरज आहे असे मला वाटत नाही. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. त्यांतील एखादा वर्ग आठवड्यातून दोन दिवस अशा सभांना मिळावा. ज्या चार तासांची भीती दारू सोडलेल्या माणसाला वाटते, त्या चार तासांत त्याला बसावयास उजेडाची आणि माणसांची जागा हवी आहे. कचेऱ्या आणि महाविद्यालये यांनी व्यसनोपचारासाठी इतर आजारांप्रमाणे रजा द्यावी, आणि परतलेल्या माणसाकडे थट्टेने पाहण्याचे थांबवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारातच केलेला आहे. कायद्याला जे मान्य झाले ते आपल्या हजेरीपुस्तकाला मान्य होण्यास हरकत नसावी. घरच्यांनीही पहिल्या महिन्यातच आनंदाचा उत्सव करू नये आणि पहिल्या घसरणीला सर्वनाश समजू नये.

हे सारे म्हणजे व्यसनी माणसासाठी सबबींची यादी आहे, असा आक्षेप येईल. तो खरा मानण्याचे कारण नाही. पेला उचलणारा हात त्याचाच असतो आणि तो न उचलण्याची जबाबदारीही त्याचीच. किंबहुना वर सांगितलेला मार्ग नुसत्या शपथेपेक्षा अधिक कठोर आहे. शपथ माणसाकडून एकच गोष्ट मागते. हा मार्ग त्याच्याकडून सत्य, भरपाई, संयम आणि दुसऱ्याची सेवा मागतो.

ते लिपिक गृहस्थ अलीकडे पुन्हा भेटले. दुसऱ्या खेपेस ते डॉक्टरांच्या सल्ल्याने सभांना जाऊ लागले. भविष्य निर्वाह निधीतून काढलेले आणि सात वर्षे लपविलेले कर्ज त्यांनी एके रात्री पत्नीसमोर कागदावर मांडले. त्यानंतर दोन आठवडे घरात बोलणे बंद होते, आणि मग सुरू झाले. त्यांच्या सोसायटीच्या चिटणिसांनी कोणासही न विचारता पाणीपट्टीची वही त्यांच्याकडे सोपविली. दर महिन्याच्या पाच तारखेला ते घरोघर जाऊन पैसे गोळा करतात आणि पै-पैचा हिशेब देतात. किती दिवस झाले, असे मी विचारले. पूर्वी हा आकडा त्यांच्या जिभेवर असे. या वेळी त्यांना आठवावे लागले, आणि तो नीट आठवला नाही. “आज घेतलेली नाही, एवढे नक्की,” असे म्हणून ते वही काखेत मारून पुढच्या दाराकडे गेले.